लाखेत राहिलेल्या सात गाठी

गोंदिया, ता. ८ एप्रिल १९२७

चि. टेकचंद यास बाईचा आशीर्वाद. तुला घ्यायचा असेल तर घे, नसेल तर राहू दे, मी तर देऊन टाकला.

तुझं कार्ड काल मिळालं. "बाई, तू माझा शंख उलटा केला. माझं नाव गेलं. आता पत्र लिहू नको." मोजून तेरा शब्द. अरे, कार्डावर आणखी चाळीस शब्द मावले असते! सख्ख्या बहिणीशी भांडायचं तर पोटभर भांडावं, असं अर्धपोटी काऊन भांडतोस? आणि पत्र लिहू नको म्हणतोस, तर लिहायला मला शिकवलं कोणी? पाटीवर माझा हात धरून अक्षरं गिरवून घेणारा तूच नं? माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि माझा मास्तर! आता भोग.

तू रागानं पाठवलेलं ते छापील पुस्तकही आलं. मला इंग्रजी येत नाही म्हणून पोस्टातल्या रामलालबाबूकडून वाचून घेतलं. तो बिचारा अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सांगत होता. म्हणे, तू कच्छच्या टेकडीतून जो दगड झालेला शंख आणला, तो नव्या जातीचा आहे असं तू लिहिलंस. रुंद बाजू वर धरली की तोंडाची लांब चीर उजव्या हाताला, खांद्यावर चौदा गाठी, खाली बुडाशी नऊ खोबण्या. आणि बाजूला मी लाकडात कोरलेल्या ठशाची छाप. त्यात चीर डाव्या हाताला. मग शेवटी तुमच्या कलकत्त्याच्या अजबबंगल्यातल्या मोठ्या साहेबानं टोमणा छापला, की ज्याला उजवं-डावं कळत नाही त्याच्या गाठी तरी कशा खऱ्या मानाव्या? बिडीच्या कागदावर वेलबुट्टी काढणाऱ्या कारागिरानं शोभेसाठी गाठी काढल्या असतील. गाठी वगळल्या तर हा शंख जुन्याच जातीचा. आषाढ संपायच्या आत अस्सल शंख समोर ठेवा, नाही तर नवी जात विसरा.

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोभेसाठी! मी?

तर ऐक. तू भाऊबीजेला आलास, चार दिवस राहिलास, गोरेगावच्या मंडईची जत्रा पाहिलीस, दंडारीतली सोंगं पाहून हसून हसून लोळलास, आणि त्या चार दिवसांत मी तुझा ठसा कोरला. यांच्या डोळ्यांवर पडदा आल्यापासून बारीक काम माझ्याकडेच आहे, हे तुला ठाऊक आहे. तू माझ्या मागे उभा राहून काय म्हणत होतास? "बाई, जसं दिसते तसंच कोर. तुझ्या मनानं काही करू नको. हे बिडीचं लेबल नाही, शास्त्र आहे." म्हणालास का नाही? सासूबाई साक्षीला आहेत. मी जसं दिसलं तसंच कोरलं. जसं दिसतं तसं कोरलेला ठसा कागदावर उलटा उमटतो, हे शास्त्रवाल्यानं पाहायचं होतं. पहिली छाप तपासायच्या वेळी तू पुन्हा कच्छात दगड फोडत होतास. माझा काय दोष?

इकडे मात्र सासूबाई खूश आहेत. उलट्या तोंडाचा शंख लाखात एक, लक्ष्मीचा असतो म्हणे. त्यांनी पुस्तकाचं ते पान फाडून देवापाशी लावलं आणि वर कुंकू वाहिलं. कलकत्त्यात तुझा शंख उलटा म्हणून हसले, गोंदियात उलटा म्हणून पुजला. बोल आता.

अस्सल शंख तर तुझ्या पेटीत आहे. साहेबाच्या टेबलावर आपटून ये. आपटू नको, ठेव. मग मला लिही.

जबलपूरच्या बिडीवाल्याचे वीस ठसे उद्या पोस्टात टाकायचे आहेत, म्हणून थांबते.

तुझी बाई, शांती


गोंदिया, ता. २३ एप्रिल १९२७

चि. टेकचंद यास आशीर्वाद.

पंधरा दिवस झाले, तुझा कागद नाही. पण मला सगळं कळलं आहे. तुझ्या खोलीतला सोबती दुलीचंद भाचीच्या लग्नाला तिरोड्याला जाताना माझ्याकडे उतरला होता. तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे, की बाईला काही सांगायचं नाही. मी त्याला आधी आंबील पाजली, मग भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, मग नुसती त्याच्याकडे बघत बसली. तिसऱ्या घासाला त्यानं सगळं ओकलं.

शंख तुझ्याच हातून पडला.

साहेबाचं वाचून तू रात्रभर तो शंख डोळ्यांपुढे धरून बसलास, उजवा-डावा, उजवा-डावा करत, आणि पहाटे डोळा लागला तसा तो फरशीवर पडला. खडूसारखा ठिसूळ दगड, त्याचा चुरा झाला. दुलीचंद म्हणाला, "बाई, तो चुरा त्यानं डबीत भरून ठेवला हाय. कोनाले दाखवत नाही. जेवतही नाही धड. अजबबंगल्यात जाते, खाली मान घालून बसते, खाली मान घालून येते." तीन हिवाळे कच्छच्या वाळूत घातलेस, आणि हाती डबीभर चुरा.

अरे टेकू, मला काऊन नाही सांगितलं? मी रागावली असती, पण तुझ्या बाजूनं रागावली असती.

आता मला एक सांगायचं आहे. गेल्या पत्रात मी साळसूदपणे लिहिलं की माझा काय दोष. दोष आहे. ठसा उलटा उमटेल हे मला कोरताना ठाऊक होतं. चौदा वर्षं ठसे कोरून राहिली मी. आधी पातळ कागदावर चित्र काढायचं, कागद पालथा लाकडावर चिकटवायचा, मग कोरायचं, हे मला झोपेतही येतं. तुझ्या वेळी मी मुद्दाम कागद पालथा केला नाही.

का, ते सांगते. तू आलास त्या दिवशी मी स्टेशनवर आली होती, हातात दुधीच्या वड्यांचा डबा घेऊन. तू गाडीच्या दारात एका बंगाली बाबूशी बोलत होतास. त्यानं विचारलं, चित्र कोण बनवेल? तू म्हणालास, "है यहाँ एक देहाती कारीगर। जितना बोलो, उतना ही करता है।" करता है! मी चार हातांवर उभी होती. नवं लुगडं नेसून. तुझी बहीण आहे हे सांगायला तुझी जीभ जड झाली. मग घरी येऊन मला म्हणालास, जसं दिसते तसंच कोर, मनानं काही करू नको. मी मनात म्हटलं, थांब लेका, जितकं बोलशील तितकंच करते. देहाती कारागीर आहे नं मी!

मला वाटलं, तू पहिली छाप पाहशील, कपाळावर हात मारशील, आणि चिडून मला लिहिशील. मग मी लिहीन की तुझ्या शास्त्राला माझ्या पालथ्या कागदाची अक्कल लागते का नाही? मग दोघं हसू. एवढंच होतं माझ्या पोटात. छापून येईल, साहेब हसेल, तू उपाशी राहशील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. झाली माझी चूक. कान पकडते. दोन्ही पकडले तर लिहू कशी, म्हणून एकच पकडला आहे.

यांना काल हे सगळं सांगितलं. हे म्हणाले, "दोघंही सारखेच हा. एक तोंडानं खोटं बोलला, दुसरी पटाशीनं." आणि बिडी पेटवून बाहेर जाऊन बसले.

ठसा छापखान्यानं परत पाठवला होता, तो माझ्यापाशीच आहे. सकाळी उजेडात धरून पाहिला. टेकू, छाप उलटी आहे, पण ठसा खरा आहे. तुझा शंख माझ्या डोळ्यांनी जसा पाहिला तसा त्या शिसवात बसला आहे. समोरच्या आठही गाठी मोजून घे. एकही शोभेची नाही.

पण साहेब म्हणेल, ठसा देहाती कारागिराचाच. आणि मागच्या बाजूच्या गाठी? ठशात तर समोरचीच बाजू. याला मी काय उत्तर देऊ, मला सुचत नाही.

जेव. उपाशी माणसाला काही सुचत नसतं. मला खाऊनही सुचून नाही राहिलं, तर तुझं काय होणार?

तुझी बाई


गोंदिया, ता. ६ मे १९२७

चि. टेकचंद यास अनेक अनेक आशीर्वाद!

तुझं कार्ड आलं. "बाई, चूक माझी होती. स्टेशनवरची. चुरा पुरून टाकला." या खेपेला फक्त आठ शब्द. पण हे आठ मला त्या तेरांपेक्षा भारी. मी ते सासूबाईंच्या कुंकवाच्या पानाशेजारी ठेवलं आहे.

आता बस. खाली बस. पाणी पिऊन घे. दुलीचंद जवळ असेल तर त्याला तुझा हात धरायला सांग.

परवा अकतीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. घरात गडबड. सासूबाईंच्या विळ्याची मूठ ढिली झाली होती. त्या चुलीपाशी बसून पळीत लाख वितळवायला निघाल्या. मूठ बसवायची तर भोकात गरम लाख ओतून विळा रोवायचा, हे तर तू लहानपणापासून पाहिलं आहेस. मी सहज विचारलं, लाख कुठली घेतली? म्हणाल्या, "तुया कामाच्या फळीखाली पडून होती नं, गोळा मोठा हाय, कायले वाया जाऊ देवाचा?"

टेकू, मी अशी किंचाळली की शेजारचा बैल दावं तोडून उभा राहिला!

तुला आठवतं का, तुझा शंख भोवऱ्यासारखा, ठेवला की घरंगळायचा. समोर स्थिर राहिल्याशिवाय मी कोरू कशी? म्हणून सोनार जसा दागिना लाखेत रोवतो, तसा मी लाखेचा गोळा गरम केला, शंखाच्या पाठीला तेलाचं बोट फिरवलं आणि तो पाठीवर अर्धा लाखेत दाबून माझ्यापुढे उभा केला. तू तेव्हा बाहेर दंडारीच्या पोरांशी गप्पा मारत होतास. काम झाल्यावर गोळा शेकवून शंख अलगद काढला, पुसला आणि तुझ्या पेटीत ठेवला. गोळा फळीखाली टाकला आणि विसरली.

पळीतून तो गोळा मी हातानं उचलला. दोन बोटं भाजली, ती मी नंतर पाहिली. एक कडा थोडी नरम झाली होती, पण आत पाहिलं तर टेकू, तुझ्या शंखाची पाठ लाखेत जशीच्या तशी! गाठ तिथं खळगा, खोबणी तिथं उंचवटा. मी तो पदरात धरून रडली. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या, "वो माय, विळा राहू दे, मी हातानं भाजी तोडीन, रडू नको."

मग मी कणीक घट्ट मळली, खळग्यात तेलाचं बोट लावून अंगठ्यानं दाबून भरली आणि अलगद काढली. ताटात तुझा अर्धा शंख कणकेचा! यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "हा तर तोच." यांना दहा हातांवरचा माणूस ओळखू येत नाही, पण हा ओळखला.

आता नीट ऐक, घाई करू नको. लाखेत सात गाठी आहेत. ठशात समोरच्या आठ. सात आणि आठ पंधरा होतात, आणि तू लेखात चौदा लिहिल्या आहेत. मी पण आधी घाबरली. मग दिसलं, की उजवीकडच्या काठावरची एक गाठ ठेचकाळलेली आहे, तिचा कोपरा उडालेला. ती ठशात शेवटची आहे आणि लाखेत पहिली. एकच गाठ दोन्हीकडे आली. ती दोनदा मोजायची नाही. बरोबर चौदा! खाली खोबण्या नऊ, त्या दोन्हीकडे सारख्याच, एकीला एक जुळतात. ठशाची कड लाखेच्या कडेला लावून पाहिली, ती नेमकी जुळली. आता साहेबाला म्हण, देहाती कारागिरानं शोभेसाठी गाठी काढल्या असतील, पण लाखेला कशाची हौस? लाखेनं तर काही मनानं केलं नाही.

तू लिहिलं होतंस, की ज्या जुन्या जातीशी साहेब हा शंख जोडतो तिचे खांदे गुळगुळीत असतात. मग या चौदा गाठी टिकल्या की तुझी जात टिकली. खरं नं?

पण एक अडचण आहे. लाख पोस्टानं पाठवता येत नाही. वैशाखाचं ऊन, मालगाडीचा तापलेला डबा, त्यात या लाखेत मी तेल आणि विटकरीची पूड घातलेली. कलकत्त्याला पोहोचेपर्यंत तिचा लाडू होईल. मी ती ओल्या रेतीत माठाखाली ठेवली आहे. सासूबाई येता-जाता तिला पाण्याचा हबका मारतात. न्यायची तर तू स्वतः ये, अंगाशी धरून, रात्रीच्या गाडीनं ने. दुसरा उपाय नाही. मी हे लिहून राहिली तर हे शेजारी बसून काही बोलणार होते, मी डोळे वटारले तशी बिडी शोधायला लागले.

कधी येतोस ते तारेनं कळव.

तुझी बाई


गोंदिया, ता. ४ ऑक्टोबर १९२७

चि. टेकचंद यास बाईचा, भाऊजींचा आणि सासूबाईंचा आशीर्वाद.

नवं पुस्तक कालच्या डाकेनं आलं. मी हात धुऊन, पाटावर बसून उघडलं. चित्र पाहिलं. या खेपेला मी कागद पालथा करून कोरलं होतं, तरी आधी चीर कुठल्या हाताला ते बोट ठेवून पाहिलं. रुंद बाजू वर, चीर उजव्या हाताला. समोर आठ गाठी, शेजारच्या चित्रात पाठीच्या सात, आणि ती ठेचकाळलेली दोन्हीकडे. सासूबाईंनी पाहून नाक मुरडलं, "हा तर साधा हाय. आपला देवापाशीचाच बरा." त्यांचं पान देवापाशीच राहणार आहे, मी काढायचं धाडस करणार नाही.

मग धावत रामलालबाबूकडे गेली. त्यानं वाचलं, की साहेबानं स्वतः लिहिलं आहे, ठसा आणि लाख दोन्ही तपासली, गाठी खऱ्या, जात नवी, मागचा शेरा परत घेतो. मोठ्या मनाचा निघाला हो तुमचा साहेब. त्याला माझा नमस्कार सांग, पण शोभेची गोष्ट मी विसरली नाही हेही सांग.

नाव तू त्या कच्छच्या टेकडीवरून ठेवलंस, ते बरं केलंस. मे महिन्यात माझं नाव ठेवतो म्हणून मागे लागला होतास, तेव्हा मी नाही म्हटलं ते उगाच नाही. तूच सांगितलं होतंस की या जातीच्या गोगलगायी डंख मारतात. तिला शांती नाव दिलं असतं तर आमचं अर्धं गोंदिया म्हणालं असतं, अगदी जुळलं.

मग रामलालबाबू चित्राखालची बारीक ओळ वाचायला लागला आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "दीदी, ये तो आप हैं।" चित्र आणि ठसा शांतीबाई, गोंदिया, लेखकाची थोरली बहीण. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, दीदी, लोगों के तार पड़े हैं. मग मी ओळ बोटानं दाबून धरून घरी आली. यांना दिसत नाही म्हणून यांचं बोट त्या ओळीवरून फिरवलं. मग हे दिवसभर आमच्या ठशांच्या दुकानात येईल त्याला सांगत होते.

टेकू, आता एक शेवटचं कबूल करते. दर वैशाखात जबलपूरच्या बिडीवाल्याला मी लाखेत बसवलेले ठसे पोस्टानं पाठवते. आजपर्यंत एकही वितळला नाही. तेल आणि विटकर घातलेली लाख तर उलट जास्त टिकते. त्या दिवशी हे तेच सांगणार होते. पण लाख पाठवली असती तर ती कलकत्त्याला गेली असती, तू इकडे आला नसतास. तू आलास, आठ दिवस राहिलास, आंब्याचा रस दोन वाट्या जास्त प्यालास आणि निघताना गाल भरलेले होते. त्या आठ दिवसांसाठी मी आणखी दहा वेळा खोटं बोलीन. राग आला असेल तर लिही, पण कार्डावर नको, पाकिटात लिही. सगळी जागा भर.

भाऊबीज या महिन्याच्या सत्तावीस तारखेला आहे. मागोमाग मंडईही लागतेच. गाडी सकाळी येते. मी डबा घेऊन स्टेशनवर येईन, त्याच लुगड्यात. दारात कोणी बाबू उभा असेल आणि विचारेल, ही कोण, तर काय सांगायचं ते आता तुझंच छापून आलं आहे.

तुझी थोरली बहीण,
शांतीबाई, गोंदिया